सहा वर्षांच्या गुप्तहेरासाठी घरच्या घरी फॉरेन्सिकचे खेळ सुचवा

गोगलगाय

मंडळी, मदत हवी आहे.

लेक सहा वर्षांची. घरात काही हरवलं, सांडलं, फाटलं की बाई भिंग घेऊन हजर. परवा दाराच्या काचेवरच्या एका डागाभोवती खडूने गोल काढला आणि वर सगळ्यांना तंबी, "पुरावा आहे, पुसायचा नाही." आता सुट्टी लागतेय, तर हा उत्साह कुठेतरी कामी लावावा म्हणते.

तयार खोकी बघितली. बहुतेकांत पुठ्ठ्याचं ओळखपत्र, प्लॅस्टिकचं भिंग आणि एकदा वापरली की संपणारी पावडर. त्यापेक्षा घरातल्याच वस्तूंतून काही जमेल का? खून-रक्त नको. नाकाडोळ्यांत गेलं तर दवाखाना गाठावा लागेल असलं काही नको. आणि निकाल पंधरा-वीस मिनिटांत दिसायला हवा, त्यापुढे तिचा धीर सुटतो. छोटी वाक्यं वाचते, आकडे लिहिते, कात्री बरी चालवते.

अर्धविराम

बोटांच्या ठशांपासून सुरुवात करा, त्याला तोड नाही. शाईच्या पॅडच्या भानगडीत मात्र पडू नका, ती शाई सोफ्यापर्यंत पोचते.

मऊ पेन्सिल घ्या, २बी किंवा ६बी. कागदावर एक चौकोन गिरवून गिरवून चकचकीत काळा करायचा. त्यावर बोट घासलं की बोटाला शिसं लागतं. मग पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बोटावर हलकेच दाबून उचलायचा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायचा. रेषा इतक्या स्वच्छ उठतात की भिंगाचीही गरज लागत नाही. घरातल्या प्रत्येकाचं दहा बोटांचं एकेक कार्ड करा. पहिली दुपार त्यातच जाते.

मग शंख, चक्र आणि कमान अशी वर्गवारी. रेषा एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परत गेल्या तर शंख, गोल गोल फिरल्या तर चक्र, आणि एका बाजूने येऊन मध्ये उंचवटा करत दुसऱ्या बाजूला गेल्या तर कमान. जगभरात शंख सगळ्यांत जास्त, साधारण ६० ते ६५ टक्के. चक्रं ३० ते ३५ टक्के आणि कमान जेमतेम ५ टक्के. घरात कुणाच्या बोटावर कमान सापडली तर त्या माणसाचा भाव लगेच वधारतो.

सूक्ष्मदर्शी

अर्धविराम यांची पद्धत उत्तम आहे. फक्त एक मेख आहे, ती आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या पायरीला पोरगी गोंधळेल. (बरीच वर्षं याच क्षेत्रात काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही.)

चिकटपट्टीने थेट बोटावरून उचललेला ठसा आणि काचेवर उमटलेला ठसा हे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. काचेवर बोट टेकतं तेव्हा नक्षी उलटी उमटते, रबरी शिक्क्याचं होतं तसं. पेन्सिलवाल्या पट्टीत आपण मात्र पाठीमागून, म्हणजे बोटाकडे थेट पाहावं तसं बघत असतो. त्यामुळे कार्डावर डावीकडे झुकलेला शंख पेल्यावर उजवीकडे झुकलेला दिसणार आणि खरा 'आरोपी' सुटणार. उपाय सोपा आहे: पट्टी कागदावर न चिकटवता पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर चिकटवा आणि तो तुकडा उलटा करून वापरा. आधी तिला उलटं करून न देता दोन्ही समोर ठेवा. कुठे चुकतंय हे तिला स्वतःला सापडलं तर उत्तमच.

आता काचेवरचा ठसा. गुळगुळीत, कोरडा पेला. फिकट पृष्ठभागावर कोको पावडर, गडद पृष्ठभागावर कॉर्नफ्लोअर. मऊ ब्रश हवा, मेकअपचा जुना चालेल. ब्रश पावडरीत टेकवायचा, झटकायचा, आणि उरलेली पावडर ठशावरून नुसती फिरवायची, घासायची नाही. रेषा दिसू लागल्या की थांबायचं. मुलं हमखास इथे जास्त पावडर टाकतात आणि दोन रेषांमधली जागा भरून सगळा एक ढब्बा होतो. टाल्कम पावडर लहान मुलांच्या हाती देऊ नका, श्वासातून आत जाणं चांगलं नाही.

आणखी एक. मुलांचे ठसे मोठ्यांपेक्षा फिके उमटतात आणि लवकर विरतात. वयात येण्याआधी त्वचेतल्या तेलग्रंथी फारशा काम करत नाहीत, म्हणून ठशात टिकाऊ तेलकट भाग कमी असतो. लेकीचा ठसा उठला नाही तर तिला हिरमुसू देऊ नका. बोटाला किंचित क्रीम चोळून पुसून घ्या, किंवा पहिल्यांदा मोठ्या माणसाचाच ठसा वापरा. कपाळावरून बोट फिरवून पेल्यावर टेकवलं की छान उठतो.

सुपरग्लूच्या वाफेने ठसे उठवण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. ते घरी अजिबात नको. ती वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते.

खिडकीतली

वाचनखूण साठवली. आरशाचं हे आजवर कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं!

ओसरी

कदाचित मी जुन्या वळणाची असेन, पण सहा वर्षांच्या मुलीला पुरावा, आरोपी, गुन्हा या शब्दांत कशाला गुंतवायचं? मोठ्यांच्या मालिका पाहून घरोघरी हेच चाललंय. उद्या वर्गात कुणाचं खोडरबर हरवलं की ही शेजारच्या मुलाला पकडणार.

सूक्ष्मदर्शी

ओसरीताई, शंका रास्त आहे. माझं मत असं की खेळातून गुन्हा काढून टाकला तरी शास्त्र तसूभरही कमी होत नाही. 'चोर कोण' ऐवजी 'इथे काय घडलं' हा प्रश्न ठेवा. फुलदाणीशेजारी पाणी का सांडलंय? ही चिठ्ठी कोणत्या पेनाने लिहिली? खिडकीतून आलेली माती कुठल्या कुंडीतली? संशयित लागलेच तर खेळण्यातलं अस्वल, ससा आणि डायनोसोर यांना उभं करा. त्यांना वाईट वाटत नाही.

घरातल्या खऱ्या माणसांना, विशेषतः भावंडांना, आरोपी करू नये हे मात्र मी आग्रहाने सांगेन. खेळ संपतो, भांडण उरतं.

फळाखडू

शिक्षिका आहे, वर्गात हा खेळ नेहमी घेते: पांढऱ्या पावडरींचं कोडं.

चार वाट्यांत मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा आणि कॉर्नफ्लोअर. वाट्यांवर फक्त अ, ब, क, ड. पहिला नियम मोठ्या अक्षरांत फळ्यावर: चव घ्यायची नाही. (घरातल्याच वस्तू आहेत, पण सवय लागायला हवी. अनोळखी पावडर तोंडात घालायची नसते हे या खेळातून जितकं पक्कं होतं तितकं शंभरदा सांगून होत नाही.)

आधी भिंगातून बघायचं. मिठाचे दाणे छोटे छोटे चौकोनी ठोकळे दिसतात, मुलं ओरडतातच. मग प्रत्येक पावडरीची चिमूट चार जागी ठेवून एकीवर पाणी, एकीवर व्हिनेगर, एकीवर आयोडिनचा थेंब टाकायचा, चौथी कोरडी ठेवायची, तुलनेसाठी. सोडा व्हिनेगरने फसफसतो. कॉर्नफ्लोअर आयोडिनने काळानिळा पडतो, कारण त्यात स्टार्च असतो. मीठ पाण्यात विरघळतं, कॉर्नफ्लोअर दुधाळ होऊन तळाशी बसतं. पिठीसाखरेत गठ्ठे होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा थोडा स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे तीही आयोडिनने काळवंडू शकते. वर्गात यावरून घनघोर चर्चा होते. लहान वयाला ही गुंतागुंत नको असेल तर साधी साखर कुटून घ्या. आयोडिनची बाटली मोठ्यांकडेच राहू दे, थेंबही मोठ्यांनीच टाकावा. कपड्यावरचा डाग निघत नाही.

तक्ता आधी करायचा आणि 'गूढ पावडर' नंतर द्यायची. उलट केलं तर मुलं अंदाज ठोकतात. तक्ता समोर असला की एकेक नाव खोडत जातात: फसफसलं नाही, म्हणजे सोडा नाही. काळं पडलं नाही, म्हणजे कॉर्नफ्लोअर नाही. पुढच्या वेळी दोन पावडरी मिसळून द्या. मुलगी दहा मिनिटं गप्प बसेल. हीच काय ती जाहिरात.

अर्धविराम

सूक्ष्मदर्शी, आरशाचा मुद्दा लक्षात आला, घरची कार्डं आता प्लॅस्टिकवर हलवतो. फळाखडूताई, चौथी कोरडी चिमूट ठेवायची कल्पना फार आवडली.

रात्रपाळी

पेनांची चाचणी कुणीच लिहिली नाही अजून? आमच्याकडे ती सगळ्यांत जास्त चालते.

वेगवेगळ्या कंपन्यांची तीन काळी स्केचपेनं घ्या, पाण्यात विरघळणाऱ्या शाईची. त्यातल्या एकाने 'खजिना गच्चीवर आहे' अशी चिठ्ठी गाळण कागदावर लिहून ठेवा. कॉफीचा फिल्टर किंवा साधा टिपकागद चालतो. मग त्याच कागदाच्या तीन लांब पट्ट्या कापायच्या. खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ, त्या रेघेवर प्रत्येक पेनाचा एकेक ठिपका. पेन्सिलच, कारण तिचं शिसं पाण्याबरोबर वर चढत नाही. पट्टी पेल्यात अशी लटकवायची की टोक पाण्यात बुडेल पण ठिपका पाण्याच्या वर राहील. ठिपका बुडाला की शाई पेल्यात उतरते आणि खेळ खलास.

पाणी वर चढताना रंगांना बरोबर नेतं. काही रंग कागदाला धरून मागे राहतात, काही पाण्याबरोबर पुढे सरकतात. एका काळ्यातून जांभळा-निळा-पिवळा, दुसऱ्यातून गुलाबी आणि हिरवट, असं काहीतरी निघतं. चिठ्ठीचा तुकडाही तसाच लटकवा आणि पट्ट्या शेजारी शेजारी वाळत घाला. दहा मिनिटांचं काम. हीच युक्ती मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं वेगळी करायला काढली होती.

पर्मनंट मार्कर पाण्यात हलत नाही. मुद्दाम तोही एक संशयितांत घाला. 'हा हललाच नाही' हाही पुरावा असतो.

चकवा

बॉलपेनची शाई चालेल का? घरात स्केचपेनं एकाच कंपनीची आहेत.

रात्रपाळी

बॉलपेनच्या शाईला पाणी पुरत नाही, स्पिरिट लागतं. सहा वर्षांच्या मुलीसाठी नको. एकाच कंपनीची काळी, तपकिरी, जांभळी, हिरवी वापरा. तपकिरी भारी फुटते.

गोगलगाय

तुम्हा सगळ्यांचे आभार, धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. आतापर्यंतचा अहवाल:

ठशांची कार्डं झाली. बाबाच्या उजव्या अंगठ्यावर चक्र, माझ्याकडे सगळे शंख, आणि कमान फक्त आजीच्या एका बोटावर, त्यामुळे आजी सध्या घरातली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती आहे. कोकोचा ब्रश तिच्याकडून जोरातच फिरतो, तेव्हा तूर्तास ब्रश मी धरते आणि 'थांब' तिने म्हणायचं. हे तिला ब्रश धरण्यापेक्षाही आवडलं.

पेनं हिट. पट्ट्या वाळल्यावर खिडकीत ओळीने लावल्यात आणि प्रत्येकीखाली नाव. एका पट्टीवरचा पिवळा इतका फिका होता की मला दिसलाच नव्हता, तिने दाखवला.

पण एक अडचण. कुठलाही प्रयोग झाला की ती लगेच "सापडलं! ससाच होता!" म्हणते. दोन गोष्टी थोड्या सारख्या दिसल्या की निकाल जाहीर. घाई कशी कमी करू?

सूक्ष्मदर्शी

अहो, ही घाई मोठमोठ्यांना सुटलेली नाही. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे स्फोटांच्या तपासात एका पिशवीवर अर्धवट ठसा मिळाला. एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने तो अमेरिकेतल्याच एका वकिलाचा आहे असं ठामपणे सांगितलं, त्याला अटक झाली. स्पेनच्या पोलिसांना ते पटत नव्हतं, आणि पुढे तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. संगणकाने काढून दिलेल्या सारख्या ठशांच्या यादीत वकिलाचा ठसा होता. साम्य खरंच खूप होतं, आणि एकदा साम्य नजरेत भरलं की फरकांना काहीतरी स्पष्टीकरण चिकटवलं जातं.

म्हणून घरी खेळाचा नियम उलटा करा: 'कोण जुळतं' विचारायचंच नाही. 'कोण नक्की नाही' एवढंच विचारायचं. पेल्यावर चक्र आहे आणि सशाच्या कार्डावर शंख आहे, तर ते बोट त्याचं नाही. एका फरकाचं खरं कारण सापडलं नाही की नाव कटाप, तिथे वाद नाही. साम्य मात्र दहा ठिकाणी असलं तरी अकरावं बघावंच लागतं. लहान मुलांना नावं खोडायला फार आवडतं, त्यामुळे घाई आपोआप योग्य दिशेला जाते. आणि अधूनमधून असं कोडं रचा ज्यात शेवटी दोन नावं उरतात आणि उत्तर मिळत नाही. पहिल्यांदा रुसेल. रुसू दे.

फळाखडू

+१. माझ्या वहीत तीन रकाने असतात: हो, नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिणाऱ्याला मी चांदणी देते.

आजोबा_भिंगवाले

नातवासाठी एक सोपी गोष्ट करतो, सामानात फक्त कागद. चार-पाच कोरे कागद हाताने अर्धे फाडायचे. वरचे भाग एका ढिगात, खालच्या भागांपैकी फक्त एकच त्याला द्यायचा. जोडी शोध. फाटलेली कड कधी दोनदा सारखी येत नाही, त्यामुळे उत्तर स्वच्छ मिळतं. पुढची पायरी म्हणजे चिकटपट्टीची हाताने तोडलेली टोकं. भिंगातून जुळवायची. त्याहून पुढे: एकाच वहीतले कागद, म्हणजे रेघांची मदत मिळते, आणि मग कोरे, म्हणजे ती मदत जाते.

दुसरं, दाबाचं लिखाण. वहीच्या वरच्या पानावर बॉलपेनने जोर देऊन लिहायचं, ते पान फाडून टाकायचं, आणि खालचं पान त्याला द्यायचं. पेन्सिल आडवी धरून हलकी छटा दिली की अक्षरं पांढरी उठतात. शिसं खोलगट जागी लागत नाही म्हणून. नातू यावर तासन् तास बसतो, आता घरात कुणी काही लिहिलं की खालचं पान गायब असतं.

सूक्ष्मदर्शी

आजोबा, नमस्कार. फाटलेल्या कडा जुळवणं हे आमच्या कामातल्या सगळ्यांत भक्कम गोष्टींपैकी एक आहे आणि घरगुती यादीत ते कुणी लिहीतच नाही. लोकांना पावडर आणि दिवे हवे असतात. माझ्या मते सहा वर्षांसाठी पहिला नंबर याचाच.

चकवा

दातांच्या ठशांचं काय? एका ठिकाणी वाचलं की फोमच्या ताटलीचा त्रिकोणी तुकडा चावायला द्यायचा आणि घरातल्यांचे दात जुळवायचे.

सूक्ष्मदर्शी

खेळ म्हणून मजेचा आहे, दुधाचे दात पडत असतील तर खिंडी छान दिसतात. खऱ्या तपासात मात्र चाव्याच्या खुणांवरून माणूस ओळखण्यावर आता फारसा विश्वास उरलेला नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०२२ मध्ये त्याचा आढावा घेतला आणि या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलं. त्वचा ताणते, सुजते, ठसा बदलतो. तेव्हा चाववा जरूर, पण एकाच माणसाला दोनदा चाववा, एकदा हळू आणि एकदा जोरात, आणि दोन्ही तुकडे सारखे दिसतात का ते तिलाच ठरवू द्या. फोम चावला की लगेच थुंकायचा, तुकडा पोटात जाता कामा नये.

पायवाट

पावलांचे ठसे! ओल्या वाळूत किंवा मातीत बूट उमटवायचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं. साधारण दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी. पाण्यात प्लास्टर घालायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. दाट ताकासारखं झालं की चमच्याच्या पाठीवरून हळू सोडायचं, थेट ओतलं तर ठशाची नक्षी मोडते. अर्ध्या तासाने उचलता येतं, पण माती ब्रशने झाडायची ती दुसऱ्या दिवशी.

घरातल्या सगळ्यांचे बूट घ्या. एकाच आकाराचे, एकाच नक्षीचे दोन बूट असतील तर फारच बरं, कारण मग टाचेची झीज आणि तळातले काप बघावे लागतात.

सूक्ष्मदर्शी

छान, फक्त ठळक अक्षरांत एक इशारा: प्लास्टरमध्ये मुलाचा हात किंवा पाय कधीही रुतवू नका. घट्ट होताना ते तापतं, जाड थरात चांगलं भाजण्याइतकं, आणि तोवर हात बाहेर निघत नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीने असं करून बोटं गमावली. बुटाचा ठसा घ्या, हाताचा नाही. उरलेलं प्लास्टर नळाखाली ओतू नका, पाइपात दगड होतो.

ओसरी

वाचतेय सगळं. फाटलेल्या कागदांचा खेळ भाच्याला करून दाखवला. आरोपी वगैरे काही नव्हतं, नुसती जोडी लावायची होती, आणि तो मलाच पुढचं कोडं घालायला लागला. माझी हरकत शब्दांना होती, खेळाला नाही, एवढं नोंदवते.

अवांतर: ठशांची पद्धत मुळात आली कुठून?

सूक्ष्मदर्शी

थोडक्यात सांगतो. विल्यम हर्शेल हे इंग्रज अधिकारी बंगालमध्ये होते. १८५८ मध्ये त्यांनी एका करारावर सहीऐवजी कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ठशांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण हजारो कार्डांतून हवं ते कार्ड काढायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता. तो सोडवणारी पद्धत बंगालचे तेव्हाचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागचं बरंचसं गणित आणि मांडणी मात्र अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांची. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, जगातलं पहिलं.

त्यातली मूळ कल्पना इतकी सोपी आहे की सहा वर्षांच्या मुलीला खेळता येईल. दहा बोटं. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न: चक्र आहे की नाही? दर बोटाला दोन शक्यता, म्हणजे दहा बोटांचे १०२४ वेगळे खण. घरी कार्डावर चक्र असेल तिथे ठिपका आणि नसेल तिथे आडवी रेघ मारायची. उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग डाव्या. प्रत्येकाची दहा खुणांची ओळ तयार होते आणि ती सांकेतिक भाषेसारखी दिसते, मुलांना तेच आवडतं. पाहुण्यांचीही घ्या. दोघांची ओळ सारखी आली तर अजून मजा: मग शंख कुठे झुकतात ते बघावं लागेल. जुळ्या भावंडांची ओळ सारखी आली तरी रेषा सारख्या नसतात, एकसारख्या जुळ्यांच्याही नाहीत. गर्भात रेषा तयार होताना जी स्थिती असते तिचा त्यावर परिणाम होतो.

खिडकीतली

१०२४ खण!! हे कुणी शाळेत का शिकवलं नाही आम्हाला.

रात्रपाळी

अतिनील टॉर्चचं विचारणार होतो. टॉनिक वॉटर निळं चमकतं (क्विनाइनमुळे), पांढरा कागद, कपडे धुण्याच्या पावडरीने धुतलेले सदरे. करावं का?

सूक्ष्मदर्शी

मोठ्यांनी टॉर्च हातात धरून, दोन-चार मिनिटं, डोळ्यांवर न मारता. मुलीच्या हाती नको. बघायला सुंदर, पण शिकण्यासारखं बेताचं.

फळाखडू

साक्षीदाराचा खेळ राहिलाच. जेवताना कुणीतरी खोलीत येऊन काहीतरी ठेवून जायचं, टोपी घालून वगैरे. दहा मिनिटांनी सगळ्यांना वेगवेगळं विचारायचं: टोपी कुठल्या रंगाची? हातात काय होतं? बोलले का? उत्तरं एकमेकांना ऐकू येऊ द्यायची नाहीत. मग प्रश्नातच भर घालायची: "चष्मा कुठल्या रंगाचा होता?" चष्मा नसला तरी निम्मे जण रंग सांगतात. सगळं साहित्य फुकट आणि मोठ्यांचीच फजिती.

गोगलगाय

फळाखडूताई, हा खेळ लगेच करून पाहिला. आजीने लाल चष्मा पाहिला. बाबाने चष्म्याची काडी तुटलेली असल्याचंही सांगितलं. चष्मा नव्हताच. लेकीने सगळ्यांच्या नावापुढे 'सांगता येत नाही' लिहून टाकलंय आणि आता ती घरातल्या कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

पुरावे ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या आणू का?

सूक्ष्मदर्शी

कागदी पाकिटं घ्या. ओली पानं, माती, कापड प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की बुरशी येते, आमच्याकडेही दमट वस्तू वाळवून कागदातच ठेवतात. पाकिटावर काय आहे, कुठे मिळालं, कधी, कुणी उचललं हे तिनेच लिहायचं. पाकीट कुणाला बघायला दिलं तर त्या माणसाने सही करायची. आजीचीही.

पायवाट

माझा मोठा बारा वर्षांचा आहे, त्याला हे सगळं बाळबोध वाटतंय. थेंबांच्या आकारावरून कोन काढतात म्हणे, ते घरी होईल का? रक्ताशिवाय.

सूक्ष्मदर्शी

होईल, निळ्या रंगाच्या पाण्याने. आडव्या पुठ्ठ्यावर थेंब सरळ पडला तर डाग गोल. पुठ्ठा तिरका केला तर डाग लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी, हा भागाकार म्हणजे आदळण्याच्या कोनाचा 'साइन' (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर). रुंदी लांबीच्या बरोबर निम्मी आली तर थेंब पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करून आदळला. साधारण सात दशांश आली तर ४५. शेपूट मापात धरायची नाही. आधी कोनमापकाने पुठ्ठा लावून डाग पाडू दे, मग त्याच्या नकळत तुम्ही पाडा आणि त्याला कोन काढायला सांगा. साइनचा तक्ता त्याला आत्ता नसला तरी स्वतःच्या डागांवरून आलेख काढता येईल.

पायवाट

कागद कुठला? वहीच्या कागदावर डाग पसरतोय.

सूक्ष्मदर्शी

चकचकीत पुठ्ठा किंवा लॅमिनेट केलेला कागद. शोषणारा कागद घेतलात तर मापं निरर्थक.

चकवा

आणि थेंब चमच्याने टाकायचा का?

रात्रपाळी

ड्रॉपरने. चमच्यातून दर वेळी वेगळ्या आकाराचा पडतो. औषधाच्या जुन्या बाटलीचा असेल तर नीट धुऊन घ्या.